डावा खांदा

ता. ११ फेब्रुवारी १९३५, सोमवार. बारामती.

ही वही तात्यासाहेबांच्या कारकुनानं दिली. म्हणाला, पुढारी माणसानं रोजनिशी ठेवावी, वेळेला उपयोगी पडते. मी अजून पुढारी नाही. परवापर्यंत पैलवान होतो, आज तेही नाही. मधेच लोंबकळतोय. चौथी पास आहे, अक्षर वाकडं आहे, तरी लिहितो.

झालं असं. परवा हाडवैद्याकडं गेलो. त्यानं उजवा गुडघा दाबला, फिरवला, कान लावून ऐकला. म्हणाला, "पैलवान, ह्यो गुडगा संपला. चाला, बसा, गाडी हाका. पर माती आता न्हाय." खंडू वस्ताद बरोबर होते. सोळाव्या वर्षापासून त्यांच्या तालमीत आहे. त्यांनी उपरण्याचा शेव डोळ्याला लावला. मीही मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. खरं तेच लिहितो. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मला वाटायचं मलाच कुस्ती सोडवत नाही, आणि सोडवली गुडघ्यानं.

येताना स्टेशनाजवळ हाटेलात चहा प्यालो. दोन कप, साखर जास्त. पैलवानानं चहाला शिवायचं नसतं. वस्ताद नुसते बघत बसले.

आज तात्यासाहेबांनी बोलावलं. गुळाचे मोठे व्यापारी, कालव्याखाली ऊस, माझे बदाम दहा वर्षं त्यांच्या घरचे. म्हणाले, इंदापूर तालुक्यातून लोकल बोर्डाला उभे राहा. तुमचं गाव त्या बाजूला, शेत तुमच्या नावावर. तिथले वकीलसाहेब दोन खेपा बसलेत, आता माणूस बदलू. तुमचं नाव घराघरात आहे.

नाव आहे खरं. कशानं झालं ते मला ठाऊक आहे. ते पुढं लिहीन. लिहीन की नाही, बघू.

१३ फेब्रु., बुधवार. घरी.

काल संध्याकाळी बायकोला, अनसूयेला, सांगितलं (पुढं नुसतं अ. लिहीन, बोटं दुखतात). ती भाकरी थापत होती. थांबली. "म्हंजे उद्यापास्नं पहाटं तुमचं जोर काढतानाचं हुं हुं न्हाय?" म्हटलं, नाही. "आन बदाम वाटायचं न्हाय?" नाही. तिनं हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं एक दिस पुरती झोपली न्हाय मी. आता झोपते बगा."

आज दोघं उन्हं अंगणात येईपर्यंत झोपलो. म्हशी ओरडायला लागल्या. शेजारचा म्हातारा दारात येऊन चौकशी करून गेला, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून.

१६ फेब्रु., शनिवार.

मारुतीपुढं लंगोट ठेवला. नेम असा आहे की एकदा ठेवला की पुन्हा मातीत उतरून कुणाशी हात मिळवायचा नाही. वस्तादांनी नारळ फोडला. तालमीतली पोरं रडली. मीही रडलो, पण थोडंच, आणि नंतर जिलेबी खाल्ली. वस्ताद म्हणाले, "रामा, माती सुटली का माणूस सुटतो." मला तर सुटायचंच होतं. ते कसं सांगणार त्यांना.

२१ फेब्रु., गुरुवार.

आज हसावं की डोकं धरावं कळेना.

आठ दिवस मी गावोगावच्या तालमी फिरलो. सगळीकडं हलगी, फेटा, "पैलवान, आमी तुमचंच." मनात मतं मोजत होतो. प्रत्येक तालमीत तीस-चाळीस पोरं, अशा तालमी किती, म्हणजे वकीलसाहेब चितपट. आज तात्यासाहेबांच्या कारकुनानं मतदारांची यादी समोर टाकली. म्हणाला, ह्यातली तुमची माणसं दाखवा. मी बोट फिरवत गेलो. एक नाही. पोरांना मतच नाही. जो सरकारात सारा भरतो त्याला मत, आणि जमीन तर बापांच्या नावावर. मी आठ दिवस बिनमताच्या लोकांकडून हार घालून घेतले.

कारकून तोंडात सुपारी धरून बसला होता. माझ्याकडं न बघता यादीची घडी घातली. ते बरं केलं.

२६ फेब्रु., मंगळवार.

बापांकडं जायला सुरुवात केली. पहिलं घर आमच्याच गावचे ज्ञानू तात्या. त्यांचा पोरगा चार वर्षं माझ्या हाताखाली आहे. तात्यांनी बसा म्हटलं नाही. म्हणाले,

"माज्या दोन म्हशी हायत. दोनीचं दूध तुज्या तालमीत जातं. चार वर्सं मी कोऱ्या चहावर हाय. म्हातारीला ताक मिळंना. आता मत बी तूच नेनार व्हय?"

मी म्हटलं, तात्या, पोराची तब्येत बघा की.

"तब्येत बगतो ना. त्येची बी बगतो, माजी बी बगतो."

तिथून उठलो. दुसरं घर, तीच कथा, फक्त एक म्हैस कमी. तिसऱ्या घरी म्हातारीच बोलायला पुढं आली, तिचं लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत कळलं की अख्ख्या तालुक्यात सारा भरणारा प्रत्येक म्हातारा मला दूधचोर समजतो. आणि मी ज्यांच्या बळावर उड्या मारत होतो ते माझे भक्त ते दूध पिऊन जोर काढतायत.

४ मार्च, सोमवार.

शुक्रवारी तालमीत पोरांना गोळा केलं. सांगितलं, आजपासून एका वेळचं दूध घरात ठेवायचं. आधी आईबाप, मग तुमी. जो मोडेल त्यानं आखाड्यात यायचं नाही. पोरं माझ्याकडं असं बघत होती की मी फितूर झालोय. झालोच आहे. मत बापांकडं आहे.

पण खोटं नाही लिहीत, नुसत्या मतासाठी नाही केलं. ज्ञानू तात्यांचा कोरा चहा डोक्यातून जात नव्हता. आम्ही पैलवान लोक घरादाराचं खातो आणि वर मांडी ठोकतो. अ. एवढी वर्षं हेच म्हणत होती, मी ऐकलं नाही.

तीन दिवसांत ज्ञानू तात्या बदलले. आज स्वतः चहा दिला, दुधाचा. म्हणाले, तुज्या कामात लागतो. पण मग विचारलं, "निमगावच्या हरिबा आबांकडं गेलतास का? आबा म्हनतील तिकडं निम्मे म्हातारे जातील."

हो म्हणालो. गेलो नव्हतो. सगळी गावं झाली, निमगाव केतकी राहिलंय.

१० मार्च, रविवार.

आता लिहून टाकतो. घरात कुणी नाही, अ. माहेरी गेलीय.

अकरा वर्षांमागं बारामतीच्या मैदानात माझी आणि यशवंताची कुस्ती लागली. यशवंता म्हणजे निमगावच्या हरिबा आबांचा थोरला. माझ्यापेक्षा सरस होता, हे सगळे जाणत होते. मीही. कुस्तीच्या आधी वस्ताद माझ्या अंगाला माती लावत होते. कानाजवळ आले आणि म्हणाले, "डावा खांदा. सुप्याच्या मैदानात निखळलाय. लपवून हिंडतोय." हाडवैद्य एकच, त्याच्याकडून त्यांना कळलं होतं.

मी धोबीपछाड टाकतो तो उजवा हात धरून. सगळ्या कुस्त्यांत उजवा. त्या दिवशी डावा धरला आणि खांद्यावरून ओढला. आवाज मला ऐकू आला. बाकी कुणाला नाही, फेटे उडत होते.

त्याचा तो हात परत वर झाला नाही. मला चांदीचं कडं मिळालं, अजून हातात आहे. नाव झालं. लोक म्हणाले, यशवंता त्या वर्षी ढिला होता, बैठका चुकवल्या त्यानं. मी कधी बोललो नाही. वस्तादही नाही. अ.लाही सांगितलं नाही.

आता त्याच्या बापाकडं मत मागायला जायचंय.

एवढं लिहून बरं वाटलं. कुणी वाचलं तर वाचलं.

१५ मार्च, शुक्रवार. बारामती.

तात्यासाहेब म्हणाले, निमगाव सोडू नका, तिथंच निकाल आहे. आबांना भरजरी फेटा न्या, चार लोकांत बांधा, पाया पडा, झालं. त्यांना आतलं काही ठाऊक नाही. मी बरं म्हटलं.

वस्तादांना मात्र सांगितलं, यशवंताकडं जाऊन बोलणार. ते तालमीच्या पायरीवर बसले होते. 

"कशाला उकरतोस? मातीत झालं, मातीत ऱ्हाऊ दे."

"मला जमंना आता, वस्ताद."

"मतासाटी करतूयास का कशासाटी?"

 तेच तर मलाही कळत नव्हतं. मतासाठी गेलो तर नीचपणा, आणि मत नसतं तर गेलोच नसतो, हेही खरं.

२३ मार्च, शनिवार.

अ. परत आली. तिला सगळं सांगितलं. खांदा, वस्ताद, कडं. ती ऐकत होती आणि तोंडाचा रंग बदलत होता. सांगून झाल्यावर म्हणाली,

"एवडंच व्हय?"

मी म्हटलं एवढंच म्हणजे काय, माणसाचा हात गेला.

"तसं न्हाय. इंदापूरला जायचं म्हटलं का तुमी निमगाव टाळून लांबनं जाता. अकरा वर्सं बगतिया. मला वाटलं तितं कोन बाई हाय तुमची."

ती हसायला लागली आणि मग रडायला लागली आणि मग पुन्हा हसली. अकरा वर्षं तिनं मनातल्या मनात कुणा बाईशी भांडण केलं, ती बाई नव्हतीच. मला एवढी शरम वाटली आणि एवढं मोकळंही वाटलं. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "उद्या जा. आन निमगावाच्या वाटंनंच जा."

२४ मार्च, रविवार.

गेलो. यशवंताचा पानमळा आहे विहिरीच्या अंगाला. मळ्यात चपला चालत नाहीत, कुडाबाहेर काढल्या. दार बुटकं, वाकून जावं लागतं, गुडघ्यानं जीव घेतला. आत गार, हिरवा अंधार. तो वेली शेवरीच्या झाडांना बांधत होता. उजव्या हातानं लव्हाळ्याची गाठ फिरवायची, टोक दातात धरायचं आणि आवळायचं. डावा हात कमरेशी नुसता. मी उभा राहिलो. त्यानं ओळखलं, पण गाठ पुरी केल्याशिवाय वळला नाही.

"मत मागाया आलास? मला मत न्हाय. जमीन आबाची हाय."

मी म्हटलं, मत नको. आणि सांगितलं. जसं इथं लिहिलंय तसं, एका दमात. त्यानं लव्हाळ्याचा तुकडा तोंडातून काढला.

"म्हाईत हाय."

"काय?"

"तुज्या कुस्त्या बगितल्या न्हवत्या का मी? समद्या उजव्या हातावर. त्या दिशी डावा धरलास तवाच कळलं. कुनीतरी सांगितलंय ह्येला."

मग बोलला का नाहीस इतकी वर्षं, विचारलं. तो बांधावर बसला, मलाही बस म्हणाला.

"काय बोलनार? मग माजं बी निगालं असतं. खांदा निकळला असताना मातीत उतरलो, आबाला न सांगता. आबानं नारळ फोडलेला, गाव गोळा केल्यालं. मागं कसं फिरायचं? मी लपवलं, तू वापरलं."

त्यानं मला माफ केलं का? नाही असं म्हणाला नाही, आणि हो पण म्हणाला नाही. राग होता का, तोही दिसला नाही. म्हणाला, कुस्ती सुटली ते एका परीनं बरंच झालं, मला वेलींत करमतं, वेल मांडी ठोकत न्हाय. एवढं बोलून हसला. मग हसू गेलं.

"आबा मातूर अकरा वर्सं मला ढिला म्हनतूय. बैठका चुकवल्यास म्हनतूय. जेवताना म्हनतूय, पाव्हन्यांत म्हनतूय. माज्या पोरांम्होरं म्हनतूय. मी एक बी बैठक चुकवली न्हवती रामा. तुला सांगायचंच हाय ना, मग मला नगं. आबाला सांग."

तू का नाही सांगत, म्हटलं. तो म्हणाला, "मी सांगितलं तर निमित्त सांगतूय म्हनंल."

घरी येताना निमगावाच्या पेठेतून सरळ आलो. कुणी काही केलं नाही. उगाच एवढी वर्षं लांबून फिरलो.

२ एप्रिल, मंगळवार.

दोनदा आबांकडं गेलो आणि दोनदा पाया पडून परत आलो. आबांना कमी ऐकू येतं, ओरडून बोलावं लागतं. घरात सुना, नातवंडं, गडी. असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? फेटा मात्र नेला नाही. यशवंता ओट्यावरून बघत होता. मला त्याच्याकडं बघवेना.

वाटेत वकीलसाहेब भेटले, टांग्यातून उतरले. भला माणूस आहे, उगाच कशाला खोटं लिहू. म्हणाले, "पैलवान, दूध घरी ठेवायला लावलंत म्हणे. माझी दहा वर्षांची भाषणं त्या एका म्हशीखाली गेली." दोघं हसलो.

९ एप्रिल, मंगळवार.

निमगावच्या जत्रेचं आमंत्रण आलं. आखाड्याच्या कडेला आबांशेजारी माझी खुर्ची. आबा मुख्य पंच. तात्यासाहेब खूश आहेत. जत्रेनंतर पाच दिवसांनी मतदान.

मी ठरवलंय. कुस्त्या चालू असताना हलगी एवढी वाजते की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही. आबांच्या कानात तिथं ओरडलो तरी ते आबांपुरतंच राहील. अ.ला सांगितलं तर म्हणाली, डोकं चालतं की तुमचं.

१२ एप्रिल, शुक्रवार. निमगाव.

डोकं चालतं म्हणे.

चौथी-पाचवी जोड लागली होती. हलग्या कडाडत होत्या, माणसं बाभळींवर चढलेली. मी आबांच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, आबा, यशवंताचं एक सांगायचंय. आबा म्हणाले, "काय? मोट्यानं बोल." जरा मोठ्यानं सांगितलं. "हलगी हाय, मोट्यानं." मग मी पोटातून आवाज काढला, आखाड्यात शड्डू ठोकल्यावर काढतात तसा. आणि त्याच वेळी दोघं पैलवान एकमेकांत अडकून हौद्याबाहेर आले, दुसऱ्या पंचानं हात वर केला, आणि हलगी थांबली. असं दर जोडीला होतं. वीस वर्षं मातीत काढली आणि एवढं ध्यानात राहू नये.

माझं वाक्य एकटं मैदानावर गेलं. "यशवंताचा खांदा आदीच निखळला होता, मला म्हाईत होतं, म्हनून मी डावा हात धरला."

 बाभळीवरून एकानं विचारलं, काय म्हणला? खालच्यानं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एक शब्द न चुकता.

मग झाकण्यात अर्थ राहिला नाही. उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. यशवंता ढिला नव्हता. एक बैठक चुकवली नव्हती त्यानं. बरा असता तर मला त्यानं उताणा घातला असता. एवढंच बोललो. भाषण कारकुनानं पाठ करून घेतलं होतं ते निराळंच होतं.

कुणी ओरडलं, "मग कडं काढ." बरोबर होतं. काढायला गेलो तर निघेना. लंगोट ठेवल्यापासून जिलेब्या खाल्ल्या त्या मनगटावर बसल्यात. शेवटी एका पोरानं तेल आणून दिलं. लोक बघतायत, मी खुर्चीत बसून कडं ओढतोय. एक-दोघं हसले, मग बरेच हसले, मीही हसलो. माझ्या तालमीतली पोरं तेवढी हसली नाहीत. कडं पंचांपुढं ठेवलं.

आबा काठी घेऊन उठले आणि गर्दीतून घराकडं चालत गेले. वाट सगळ्यांनी दिली.

हात हलका लागतोय. सारखा चाचपून बघतोय.

१३ एप्रिल, शनिवार.

कारकून बारामतीहून आला, घामाघूम. तात्यासाहेब म्हणाले म्हणे, ह्याला बोर्डावर पाठवायचा होता, प्रायश्चित्ताला नाही. बदाम बंद. मी म्हटलं, बदाम मी खात नाही आता. कारकुनाला त्याचंही हसू आलं. जाताना हळूच म्हणाला, "पैलवान, मी असतो तर माझ्यानं झालं नसतं."

वकिलांच्या माणसांनी गावात सांगायला सुरुवात केली, ह्यानं माणूस लुळा केला. खरं आहे. खोट्याला उत्तर द्यावं लागतं, ह्याला नाही. सबंध दिवस ज्ञानू तात्यांच्या ओट्यावर निवांत बसलो.

१५ एप्रिल, सोमवार.

खंडू वस्ताद गाडी करून आले. वयामुळं उतरता येईना, हात दिला. बसले, पाणी प्याले.

"माजं नाव का घेतलं न्हाईस?"

"ओढला मी, वस्ताद. तुमी नुसतं सांगितलं."

"सांगनारा कमी असतो व्हय?" म्हणाले. मग म्हणाले की काल येताना निमगावात उतरले होते. यशवंताकडं गेले होते. काय बोलले ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अ.नं चहा केला, तर दोन कप प्याले. सत्तरीत पहिल्यांदा. म्हणाले, गोड असतंय की रं हे.

१६ एप्रिल, मंगळवार.

उन्हं उतरायच्या आत यशवंता आला. पहिल्यांदाच आमच्या दारात. पानांची जुडी अ.कडं दिली आणि ओट्याच्या कडेला बसला. सांगितलं ते असं.

आबा जत्रेवरून गेले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. काल सकाळी पानमळ्यात आले. अकरा वर्षांत ते मळ्यात कधी शिरले नव्हते, कुडाबाहेरून हाक मारायचे. चपला काढल्या, वाकून आत आले, आणि म्हणाले, सदरा काढ. यशवंतानं काढला. आबांनी खांदा चाचपला, जिथं खड्डा पडलाय तिथं बोट ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. मग विचारलं, दुखतं का? यशवंता म्हणाला, पावसाळ्यात. आबा बांधावर बसले आणि दिवसभर बसूनच राहिले. तो वेली बांधत होता आणि ते बघत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय न्हाय. सांजचं संगं घरी आलो."

मी मताचं विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही. जाताना म्हणाला, "रामा, काल जेवताना आबा गप्प हुता. ढिला म्हनाला न्हाय." पोरासारखा तोंड फिरवून गेला. 

१७ एप्रिल, बुधवार. मतदान.

निमगावच्या शाळेत. माझी पेटी पिवळी, वकीलसाहेबांची हिरवी. आम्ही दोघं लिंबाच्या सावलीला एकाच बाकावर बसलो होतो. त्यांनी पान दिलं, मी खाल्लं. म्हणाले, पैलवान, काय होईल? म्हटलं, व्हायचं ते झालंय. त्यांना वाटलं मी मतांचं बोलतोय.

म्हातारे येत होते, अंगठा देऊन आत जात होते. काहींनी माझ्याकडं बघून मान हलवली, काहींनी बघितलं नाही. ज्ञानू तात्या दोन बोटं वर करून गेले. त्याचा अर्थ दोन्ही वेळचं दूध की दोन घरची मतं, देव जाणे.

दुपारून हरिबा आबांच्या तीन गाड्या आल्या. सगळे भावकीतले. यशवंता गाडी हाकत होता. आबा आत गेले, वेळ लागला, बाहेर आले. मी उभा राहिलो. ते माझ्यापुढं थांबले. लोक बघत होते.

"मत कुनाला दिलं त्ये सांगनार न्हाय."

"नगा सांगू, आबा."

"तू केलंस त्ये केलंस. त्येचं तू बग." मोठ्यानंच बोलतात, सगळी शाळा ऐकत होती. "पर मी अकरा वर्सं पोराला ढिला म्हनालो. मला कुनी सांगितलं न्हवतं तसं म्हनायला. त्येचं मी काय करू, सांग."

मी वकीलसाहेबांकडं बघितलं.  त्यांना दोन खेपांचा अनुभव, तेही टोपी काढून उभे राहिले.

यशवंता गाडीजवळ उभा होता. त्यानं उजवा हात पुढं केला, आबांना वर चढवायला. आबांनी तो बाजूला सारला आणि त्याचा डावा हात घेतला, कमरेशी असतो तो. धरला आणि चाकावर पाय ठेवून स्वतःच चढले. भार टाकला नाही. नुसता धरला होता. वर बसल्यावरही लगेच सोडला नाही, आणि गाडी तशीच उभी राहिली.

मोजणी सोमवारी, इंदापूरला. जाईन. घाई नाही.